चाचांचं सव्वादोन मिनिटांचं गाणं

शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात ॲल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये मी एकवीस वर्षं नोकरी करतोय. माझं काम मापं घेण्याचं आणि दर काढण्याचं. पहिली सहा वर्षं आमच्या स्टोअरला जे चाचा होते, त्यांच्याबद्दल लिहायचं आहे. ते रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या एका गावातले. मुंबईत रॉक अँड रोल म्हणणारे जे अगदी पहिले काही गायक होते, त्यांतले ते एक. हे मला कळायला चार वर्षं लागली, कारण त्यांनी ते कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

आधी माझ्यावरच्या उपकाराचं सांगतो. नोकरीच्या तिसऱ्या महिन्यात मी बत्तीस चौकटी बारा मिलिमीटर कमी मापाने कापून घेतल्या. टेप सरळ न धरता वाचल्याचा परिणाम. चौकटी बसेनात. मी अजून प्रोबेशनवर होतो, त्यामुळे पुढे काय होणार ते उघड होतं. चाचांनी स्टोअरमधली जुनी ड्रॉइंगं काढली, आणि त्या शुक्रवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, माझ्याबरोबर तीन साइटवर फिरले. तिसऱ्या साइटवर जिन्याच्या बाजूला थोडी लहान चौकट लागत होती. एकोणतीस तिथे बसल्या. उरलेल्या तीन चौकटींचं काय करायचं विचारलं तर म्हणाले, "मास्तर, तीन चुका माणसाला माफ असतात. घरी जा, जेव."

मला ते मास्तर म्हणत. मी सगळं दोनदा तपासतो म्हणून.

गाण्याचं कळलं ते असं. दुपारच्या सुट्टीत स्टोअरचं शटर अर्धं खाली असे आणि आत चाचा स्क्रूचे डबे मोजत बसलेले असत. एकदा मी वाकून आत शिरलो, तर ते ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बोटांनी ताल धरून गात होते. शब्द इंग्रजी होते. आवाज साठीच्या माणसाचा वाटत नव्हता. मला बघून थांबले आणि पट्टी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "आलास तर आता बस. पण बाहेर बोलायचं नाही."

चाचा शिकले सातवीपर्यंत. सोळाव्या वर्षी मुंबईला आले आणि गोदीजवळच्या एका कारखान्यात लागले. रस्त्यापलीकडे इराण्याचं हॉटेल होतं, आणि त्यात नाणं टाकलं की तबकडी वाजवणारं यंत्र. चाचा रोज एक चहा घेत आणि दुसऱ्यांच्या नाण्यांवर गाणी ऐकत. इंग्रजी येत नव्हतं. मग त्यांनी एक वही केली आणि ऐकू आले तसे शब्द मराठी अक्षरांत लिहून काढले. अर्थ नंतर कळला, काहींचा कळलाच नाही. "अर्थ कळला असता तर दोन गाणी मी म्हटलीच नसती," ते म्हणायचे.

मग चौघांचा बँड झाला. गिटारवाले दोघे गोव्याचे, ड्रमवाला माझगावचा, आणि गायला हे. रविवारी सकाळी अकरा ते एक, एका मोठ्या रेस्टॉरंटमध्ये. घट्ट पँट, पुढे टोक असलेले बूट, केसांना तेल. कॉलेजची मुलं-मुली टेबलं सरकवून नाचत. सहा वर्षं हे चाललं. मग लांब केसांची पोरं आली आणि बसून ऐकायची गाणी आली. "आमची गाणी उभ्याने ऐकायची होती," चाचा म्हणाले. "लोक बसले, तिथेच आम्ही संपलो."

पण पुरते संपले नव्हते. काही वर्षांनी शारजातल्या एका हॉटेलात बँड हवा होता, म्हणून ते चौघे इकडे आले. तेलकंपन्यांचे लोक, जहाजांवरचे अधिकारी, असे श्रोते. ते नऊ वर्षं चाललं. मग शारजात दारू बंद झाली, हॉटेलातला बार गेला आणि त्याच्याबरोबर बँडही. बाकीचे तिघे दुसरीकडे गेले. चाचांचा शेवटचा कार्यक्रम खोर फक्कानला, बंदरावर अडकलेल्या एका जहाजाच्या खलाशांसाठी झाला. "श्रोते अकरा," त्यांनी सांगितलं. "त्यातले चार झोपलेले. खलास." पुढच्या महिन्यात ते आमच्या वर्कशॉपला स्टोअरकीपर म्हणून लागले.

हे सगळं ऐकल्यावर मी विचारलं, "मग लपवायचं कशाला?"

कारण घरी होतं. लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी एकच चौकशी केली होती, मुलगा करतो काय? इंग्रजी गाणी म्हणतो आणि पोरी नाचतात, असं सांगितलं असतं तर लग्न झालं नसतं. म्हणून सांगितलं, हॉटेलात स्टोअर बघतो. चाची गावीच राहिल्या, दोन मुलगे वाढवले, सासू-सासऱ्यांचं केलं. चाचा दोन वर्षांतून एकदा दोन महिने जात. तिथे आंघोळ करतानाही कधी गुणगुणले नाहीत. "इथे खरोखर स्टोअरला लागलो ना," ते म्हणाले, "त्या दिवशी पहिल्यांदा मी तिच्याशी खोटं बोलत नव्हतो."

चाचा निवृत्त व्हायच्या आधी चाची महिनाभर व्हिजिट व्हिसावर आल्या. पहिल्यांदाच. दोघं मिळून कायमचे परत जाणार होते. चाची आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात चाचा माझ्या टेबलाशी आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "मास्तर, जायच्या आधी तिच्यासमोर एकदा गायचंय. तोंडाने सांगायला जमत नाही. किती वेळा तोंड उघडलं, पण पाणी मागून मोकळा झालो."

"आणि त्या रागावल्या तर?"

"रागावू दे. पण न सांगता गावात जाऊन मरायचं नाही मला."

आमच्या मराठी मंडळाचा स्नेहमेळावा दहा दिवसांवर होता. दुबईतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये, दुपारी तीन ते सहा. वेळापत्रक माझ्याकडे होतं. प्रत्येकाला पाच मिनिटं आणि साडेचार झाली की घंटा. मी लगेच चाचांचा फॉर्म भरला. मंडळाच्या फॉर्मवर गायनाचे तीनच प्रकार होते, नाट्यगीत, भावगीत आणि चित्रपटगीत. रॉक अँड रोलला चौकोन नव्हता. मी बराच विचार करून भावगीतावर खूण केली. भाव तर आहेच, असं स्वतःला समजावलं. शेवटच्या रकान्यात 'साथसंगत' होतं. तिथे सवयीने लिहिलं, 'मंडळाची'.

त्या एका शब्दाचा अर्थ मला कार्यक्रमाच्या दिवशी, स्टेजच्या कडेला उभा असताना कळला. मंडळाची साथ म्हणजे पेटी आणि ढोलकी. माझ्या डोळ्यांपुढे गिटार आणि ड्रम होते, पण ते आणणार कोण, हा प्रश्न मी कुठेच लिहिला नव्हता. दोनदा तपासणारा माणूस मी.

चाचा आले. पांढरा शर्ट, काळी पँट, केस तेल लावून मागे. पेटीवाले आमचे एक बँकेतले गृहस्थ. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "पट्टी कोणती?"

चाचा म्हणाले, "ई."

पेटीवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बोटं मोजली. "ई म्हणजे पांढरी तीन. बरं. आणि भावगीत कुठलं?"

मी त्यांना खरं ते सांगितलं. ढोलकीवाला हसायला लागला. तो अजमानच्या एका फॅक्टरीत वेल्डर होता, मूळचा नारायणगावचा, आणि लावणीला त्याच्यासारखा हात इथे दुसरा नव्हता. "साहेब, तुम्ही आम्हाला आज मारणार," तो म्हणाला.

चाचा मात्र घाबरले नाहीत. सव्वीस वर्षांनी स्टेजवर चढणारा तो माणूस खाली बसला आणि दोन मिनिटांत त्यांना सगळं समजावलं. "चार-चार मात्रांचे बारा घास. म्हणजे अठ्ठेचाळीस. पेटीवर तीनच जागा, मी हात दाखवेन तसं बदला. आणि भाऊ, तू जोर पहिलीवर नाही द्यायचास. दुसरी आणि चौथी."

ढोलकीवाल्याने मांडीवर वाजवून पाहिलं. "म्हणजे केरवाच की. पण उलटा घातलेला."

"शाब्बास. उलटाच घाल."

निवेदिकेने "आता आपले ज्येष्ठ सभासद एक भावगीत सादर करतील" असं जाहीर केलं. तिसऱ्या रांगेत माझ्या बायकोशेजारी चाची बसल्या होत्या. डोक्यावर ओढणी, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. त्यांना वाटत होतं, चाचा माझ्या मदतीला स्टेजवर गेलेत.

चाचांनी बोटांनी चार मोजले आणि सुरुवात केली. पहिल्या ओळीला हॉल गप्प झाला. दुसऱ्या ओळीला मागून कुणीतरी शिट्टी मारली. मग आमच्या लोकांनी टाळ्या धरल्या, आणि धरल्या त्या समेवर, भजनाला धरतात तशा, बरोब्बर पहिलीवर. तीनशे माणसांच्या टाळ्या एका बाजूला ओढतायत आणि ढोलकी दुसऱ्या बाजूला. पेटीवाले घामाघूम झाले.

चाचांनी हात वर केला आणि गाणं थांबवलं.

मला वाटलं, गेलं. मी चाचींकडे पाहिलं. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या.

"मंडळी," चाचा माइकवर म्हणाले, "टाळी चांगली आहे, पण ही आरतीची झाली. पहिल्याला गप्प बसायचं. दुसऱ्याला टाळी. तिसऱ्याला गप्प. चौथ्याला टाळी. एवढं जमलं की मी गातो."

लोक हसले. चाचांनी हॉलकडून चार वेळा करून घेतलं. समोरच्या रांगेतले एक निवृत्त गृहस्थ सारखे चुकत होते, त्यांना म्हणाले, "काका, तुम्ही नुसतं ऐका." मग पुन्हा बोटांनी चार मोजले.

त्या गाण्याबद्दल मी काय लिहू? मला गाण्यातलं कळत नाही. घड्याळातलं कळतं. गाणं सव्वादोन मिनिटांचं होतं, कारण त्या काळची गाणी तेवढीच असत. चाचांचे गुडघे दुखत, जिना चढताना ते प्रत्येक पायरीला थांबत. त्या सव्वादोन मिनिटांत ते स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन वेळा गेले. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. ती खुर्चीवर चढून ओरडली, "बाबा, ही इज सो कूल!" ढोलकीवाल्याने शेवटी लावणीचा एक तुकडा लावून दिला आणि तो तिथे चपखल बसला. वन्स मोअर आला. मी घंटा वाजवली नाही. दुसऱ्यांदा गाणं पुरं झालं तेव्हा एकूण नऊ मिनिटं झाली होती. पुढच्या दोन नाट्यगीतवाल्यांनी त्याबद्दल माझ्याशी अजून नीट बोलणं टाकलेलं आहे, आणि त्यांचं बरोबर आहे.

परतताना आम्ही सगळे माझ्या गाडीत होतो. चाचा माझ्या शेजारी, मागे चाची, माझी बायको आणि मुलगी. शारजाकडे जाणारा रस्ता नेहमीसारखा तुंबलेला. चाची हॉलमधून निघाल्यापासून एक शब्द बोलल्या नव्हत्या. चाचांनी दोनदा पाण्याची बाटली उघडली आणि न पिता बंद केली.

शेवटी मागून आवाज आला. "किती वर्षं गात होतात?"

"मुंबईत सहा. इथे नऊ."

"पंधरा वर्षं लोकांना ऐकवलंत. माझ्यापासून काय चोरी केली होती हो?"

"तुझ्या अब्बांना भ्यालो."

"अब्बांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. ते गेल्यावर कुणाला भ्यालात?"

मी पुढच्या ट्रकचा नंबर वाचत राहिलो. माझ्या बायकोने मुलीला खिडकीबाहेर काहीतरी दाखवलं. आमची गाडी तेवढ्या वेळात दोन गाड्यांइतकी पुढे सरकली असेल.

"तुला," चाचा म्हणाले. "तुला भ्यालो. तू हसशील म्हणून."

"हसले असते," चाची म्हणाल्या. "त्यात काय. नवऱ्याला हसायचं नाही तर कुणाला?" मग थोड्या वेळाने, जरा हळू आवाजात, "चांगलं गाता. आता म्हणा परत. त्या पेटीवाल्याशिवाय."

"इथे? गाडीत?"

"मग ह्या गाड्या काय हलतायत?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी एसीचा पंखा कमी केला. त्यांनी डॅशबोर्डवर बोटं ठेवली आणि हॉलमध्ये गायले त्याच्या निम्म्या आवाजात गायले. मागे वळले नाहीत. मला आरशात चाची दिसत होत्या. त्या ऐकताना खिडकीकडे नाही, चाचांच्या डोक्याच्या मागच्या बाजूकडे बघत होत्या, आणि डोळे पुसत नव्हत्या.

मला कुणाचे आभार मानायचे असतील तर या गोष्टीसाठी मानतो, की माझ्या हातून फॉर्म चुकला तरी हे घडलं, आणि घडताना मी गाडी चालवत तिथे होतो. बत्तीस चौकटींची परतफेड झाली, असं मी म्हणत नाही. ती होणारी नाही. उलट त्या दिवशी मी त्यांच्याकडून आणखी घेतलं.

औद्योगिक क्षेत्राच्या सिग्नलला पोचेपर्यंत तीन गाणी झाली होती. चाचींनी विचारलं, "अशी एकूण किती येतात?"

"पूर्ण पाठ असलेली चाळीस असतील."

"आणि विमानाला दिवस किती राहिले?"

"दहा."

"मग रोज चार म्हणा," चाची म्हणाल्या. "गावात गेल्यावर लोक जमतील. त्याच्या आधी मला सगळी ऐकायची आहेत."

मी मनातल्या मनात भागाकार करून पाहिला. बरोबर होता.