पुढच्या दाराने

प्रभाताई सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर. मूळच्या साताऱ्याकडच्या, पण पस्तीस वर्षं जयपूरच्या शास्त्री नगरात. निवृत्त झाल्या तरी हातांना सुट्टी नव्हती. सकाळी सातला निघून गल्लीतल्या सहा म्हाताऱ्या माणसांना त्या इन्सुलिन टोचून येत. फुकट. गल्लीतल्या बायकांनीच गळ घातली म्हणून यंदा त्या वॉर्डाच्या निवडणुकीला अपक्ष उभ्या राहिल्या.

मतदानाला पाच दिवस असताना दारोदार एक पत्रक पडलं. खाली कुणाचं नाव नाही. 'एकच सुई दहा जणांना टोचली म्हणून हिला दवाखान्यातून काढलं. तुमच्या घरात रोग कुणी आणला, विचारा.' दुपारपर्यंत तेच प्रत्येकाच्या मोबाइलवर.

दुसऱ्या सकाळी पहिल्या चार दारांतून उत्तर आलं, "आज राहू द्या, सिस्टरजी." पाचव्या घरातल्या आजोबांनी तर त्यांना पाहताच वर सारलेली बाही खाली ओढली. प्रभाताईंच्या डोक्यात तिडीक गेली. चोर म्हटलं असतं तरी त्यांनी ऐकून घेतलं असतं. पण हातांवर शिंतोडे?

सहावं घर हेमराजचं. तोच त्यांच्या विरोधात उभा होता. ओट्यावर कार्यकर्ते चहा पीत होते. हेमराज लगबगीने पुढे आला आणि आवाज दाबून म्हणाला, "दीदी, मागच्या दाराने या ना. अम्मा वाट बघते आहे."

"मागून का?"

"मतलब... आमची पोरं बसली आहेत. इलेक्शन आहे, मनाला लावून घेऊ नका."

म्हणजे पत्रक खोटं आहे हे याला पक्कं ठाऊक होतं. स्वतःच्या आईला हेच हात चालत होते. नासले होते ते फक्त बाकीच्या गल्लीसाठी!

"अम्मा!" प्रभाताईंनी तिथूनच हाक मारली. "बाहेर या. आज इथेच टोचते."

केसरबाई भिंत चाचपत ओट्यावर आल्या. त्यांना दिसत नव्हतं, म्हणून प्रभाताईंनी पिशवीतलं ते पत्रक काढून सगळ्यांसमोर खणखणीत वाचून दाखवलं.

"कुणी छापलं रे हे, हेमू?"

"मला काय ठाऊक, अम्मा."

"मग सिस्टरला मागून का बोलावत होतास? मी आंधळी आहे, बहिरी नाही." म्हातारीने दंड उघडा केला. "लगाओ, बहनजी."

प्रभाताईंनी सिरिंजचं बंद पाकीट उंच धरलं आणि फाडलं. "बघा, कोरी आहे. काढा व्हिडिओ!"

एकाचाही मोबाइल खिशातून बाहेर आला नाही. पत्रक फिरवताना मात्र याच बोटांना केवढी घाई झाली होती!

प्रभाताई दोनशे अकरा मतांनी पडल्या. बाही ओढणारे आजोबा तेवढे परत सुई टोचून घेऊ लागले, मान खाली घालून.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सातला त्या हेमराजच्या पुढच्या दारात उभ्या होत्या. गळ्यातला विजयाचा हार सावरत त्याने हात जोडले. "दीदी, झालं गेलं विसरा."

"काय झालं गेलं, भैया? चार दारं अजून बंद आहेत. त्या चारही घरी जाऊन स्वतःच्या तोंडाने सांग, खोटं होतं म्हणून. मग जोड हात. आता बाजूला हो, अम्मांच्या इन्सुलिनची वेळ झाली."