मारकी आक्का आणि लोखंडाचा देव

आक्का रोज दुपारी कुणाला तरी ठार मारायची. कधी मुंडकं उडवून, कधी सुताच्या उकळत्या खळीत बुचकळून. आणि हे सगळं तेंदूची पानं कातरता कातरता, सुपावरची नजर न काढता. सोलापूरच्या पूर्वभागातल्या आमच्या बोळात तिला म्हणूनच 'मारकी आक्का' म्हणत. आम्ही बायका तिच्या पडवीत विड्या वळायला बसायचो आणि ती गोष्ट सांगायची. मी टेंभुर्णीकडून नवीच नांदायला आले होते. पहिल्याच दुपारी तिने एका सेनापतीचे डोळे काढले आणि मला म्हणाली, "नवी, घाबरू नको गं. उद्या ह्याच्यापेक्षा वाईट हाय."

परवा नातू जपानी कार्टूनची मालिका बघत होता. डोंगराएवढा लोखंडी योद्धा, त्याच्या पोटात बसून लढणारा पोरगा. नातू मला शिकवायला लागला, की ह्यात कुठला धर्मग्रंथ आहे, कुठलं महाकाव्य आहे, लढाईच्या कुठल्या आठवणी आहेत. म्हटलं, बाळा, आमच्या आक्काने सत्तरनंतरच्या दुष्काळी वर्षांत हेच केलं होतं, तेही तंबाखू भरता भरता.

तिच्या गोष्टीतला लोखंडाचा देव एका सुकलेल्या ताऱ्यावर राहायचा. पानांच्या गठ्ठ्याला गुंडाळलेल्या रद्दीत तिला चंद्रावर उतरलेल्या माणसाचा फोटो दिसला आणि गोष्ट आभाळात गेली. उडणारी मुंडकी जंगमाच्या शिवकथेतली. तहानेने तडफडणारं सैन्य शेजारच्या खालाने मोहरमच्या दिवसांत रडत सांगितलेलं. राक्षस यायच्या आधी जो आवाज व्हायचा तो गिरणीचा भोंगा, आणि ताऱ्यावरच्या कोरड्या विहिरी दुष्काळातल्या आमच्याच. हा देव आपला आपण हलत नसे. त्याच्या आत कुणीतरी जाऊन बसावं लागे. हे तुला कुठं सापडलं, असं मी विचारलं तर म्हणाली, "देव माणसाच्या अंगात येतो की. मग माणूस लोखंडाच्या अंगात का न्हाय जाणार?"

आमच्यात नागम्मा नावाची एक होती. तिचा नवरा यंत्रमागावर कामाला आणि बायकोला मारण्यात पटाईत. नागम्मा कधी तोंड उघडत नसे. एकदा ती आली तेव्हा तिची बोटं सुजून टम्म झाली होती, विडीला दोरा बांधता येईना. विडी वळणारीची बोटं गेली म्हणजे चूल गेली. आक्काने बोटांकडे पाहिलं. आणि त्या दुपारी गोष्टीत नवा राक्षस आला. सोन्याचा दात असलेला, दाराला लाथ घालून आत शिरणारा. आम्ही सगळ्यांनी ओळखला. "ह्याला मी सावकाश मारणार," आक्का म्हणाली आणि नागम्माकडे वळली, "सांग, आज कुठलं बोट तोडू?" नागम्माने आपलं सुजलेलं करंगळीचं बोट वर केलं. मग रोज तसंच चाललं.

भिंतीला कान असतात, आमच्या बोळात तर भिंती कमी आणि कानच जास्त. एका दुपारी दाराला लाथ बसली. नागम्माचा नवरा मागाचा लाकडी दांडा घेऊन उभा. आक्काने गोष्ट थांबवली नाही. "आला बघा राक्षस," एवढंच म्हणाली. दांडा तिच्या उजव्या मनगटावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज आम्ही ऐकला. दुसरा घाव नागम्मावर उगारला गेला. आधी कोण उठलं, आठवत नाही. कात्र्या सगळ्यांच्याच हातात होत्या. तो बोळात पळाला तेव्हा त्याचा गाल उघडा पडला होता, सदरा लाल झाला होता, आणि सुपातली पानं रक्ताने चिकट झाली होती. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. तो भिवंडीला गेला म्हणतात, परत आला नाही. नागम्मा आक्काकडेच राहिली.

आक्काचा हात वाकडाच जुळला. नागम्मा दोघींच्या विड्या वळू लागली. पण गोष्ट बंद पडली. आम्ही हातापाया पडलो, रुसलो, मी तर भांडलेसुद्धा. राक्षस एका हाताची बोटं गमावून ताऱ्याच्या वेशीपाशी उभा, आणि ही गप्प! "रक्ताचा वास येतो गं," ती म्हणाली. "आता मारवत न्हाय." तोंडाने फौजाच्या फौजा कापणारी बाई, एका नालायकाच्या रक्ताने खचली. मला तिचा राग आला होता, आणि तिच्याइतकं प्रेमही मी माहेरानंतर कुणावर केलं नाही.

पुढे खोकल्याने तिने अंथरूण धरलं. आम्ही सुपं घेऊन तिच्या उशापायथ्याशी बसायचो. एका दुपारी ती छताकडे बघत म्हणाली, "राक्षस तसाच ऱ्हायला की. त्याला जिता सोडून जाऊ व्हय?"

नागम्माने कात्री खाली ठेवली.

"मी मारते," ती म्हणाली. "लोखंडाच्या देवात आज आक्का बसलीया. तिनं उजवा हात उचलला..."

ती अडखळत होती, शब्द शोधत होती, पण मारत होती. रक्त ताऱ्यावरून खाली गळत होतं. आमची बोटं थांबली होती. आणि जन्मभर सांगत आलेली आक्का, ऐकणाऱ्या पोरीसारखी मधूनमधून विचारत होती, "मग?"

"मग त्याचा दात पाडला."

"मग?"

"मग मान."

राक्षस कोसळला तेव्हा आक्काचं 'मग?' आलं नाही. नागम्माने क्षणभर तिच्याकडे पाहिलं, तिचा गार पडत चाललेला वाकडा हात आपल्या मांडीवर घेतला आणि गोष्ट शेवटपर्यंत सांगितली.