कंपनी म्हणजे एकत्र जेवणारी माणसं

आम्हा नाशिकच्या सातपूरवाल्यांच्या तोंडात 'कारखाना' येतच नाही. आम्ही 'कंपनीत' जातो. आज सकाळी मी डबा भरत होते, तेव्हा लेक म्हणाली, "आई, कंपनी म्हणजे मुळात एकत्र भाकरी खाणारी माणसं. लॅटिनमधल्या पावाच्या शब्दावरून आलाय. धंद्याला तो नंतर चिकटला."

मी हसले. पण दुपारी जेवणाच्या सुट्टीतही तेच डोक्यात होतं.

आमच्याकडे पर्मनंट लोक कँटीनमध्ये जेवतात आणि कॉन्ट्रॅक्टवाल्या मुली मागच्या पार्किंगच्या शेडमध्ये. तसा नियम कुणी केलेला नाही, तरी चालत आलंय. कमल माझ्या शेजारच्याच टेबलावर पार्ट तपासायची. भोंगा झाला की ती तिकडे, मी इकडे. आज सकाळपासून तिचं टेबल रिकामं होतं; मला वाटलं, दुसऱ्या लाइनवर पाठवलं असेल. आज मात्र मी डबा घेऊन सरळ शेडमध्ये गेले.

"कमल कुठंय गं?"

"ती नाय येणार आता, मॅडम. काल तिचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. गावाला गेली, हरसूलला."

काल निघताना ती 'येते मॅडम' म्हणाली होती. मी मान वर न करता नुसतं 'हं' म्हटलं होतं.

मुलींनी सरकून जागा केली. एकीने नागलीची भाकरी पुढे केली. "घ्या ना. कमल रोज हीच आणायची. सगळ्यांना द्यायची."

सगळ्यांना. मी तेवढी राहिले.

उद्या डबा उघडण्याआधी एकदा बघाल का, तुमच्या शेजारी काम करणारं माणूस कुठे बसून जेवतं?