ड्रममध्ये हात घालायचा नाही

पाण्याचा निळा ड्रम घासताना ओल्या प्लास्टिकचा वास आला की मला सहस्रकुंडचा धबधबा आठवतो. लातुरात आम्ही तेव्हा टँकरवर दिवस काढत होतो आणि भरल्या ड्रममध्ये हात घातला म्हणून मी लेकीला फटका दिला होता. पुढच्या पावसाळ्यात तिला धबधबा दाखवायला नेलं. काळ्या खडकांवरून पैनगंगा धो-धो कोसळत होती, कडेच्या उथळ पाण्यात पोरं लोळत होती. ही मात्र चपला काढून कोरडीच उभी. “जा की बाई, खेळ,” मी म्हणाले. “न्हाई मम्मी, पाणी खराब होतंय.” मग तिनं वाकून एकच बोट बुडवलं आणि वर बघितलं, माझ्या तोंडाकडं नाही, हाताकडं. आताही ड्रममध्ये कोपरापर्यंत बुडालेला माझा तो हात मला बघवत नाही.