सहा वार रान

प्रणाली जिना उतरायची तेव्हा आधी दगड वाजायचे. हातातल्या पिशवीत चार दगड, काखेत घडी घातलेली हिरवी साडी, आणि चप्पल पायात अर्धीच सरकवलेली. रविवारी सकाळी दूधवाला येऊन गेला की ती अशी खाली यायची आणि माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी थांबून म्हणायची, "काकी, रानात निघाले. येतासा का?" मी हसून मान हलवायचे. नाही म्हणायलाही माझं तोंड लवकर उघडत नाही.

रान म्हणजे आमच्या पेठेतला चौक. तिथं ती आणि तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणी भर रस्त्यावर ती साडी अंथरायच्या, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायच्या आणि कडेला उभ्या राहायच्या. हातात फलक नाही, कर्णा नाही. कोल्हापुरात रस्त्यात काही पडलेलं दिसलं की माणूस गाडी थांबवून विचारल्याशिवाय पुढं जात नाही, हे तिनं बरोबर ओळखलं होतं.

"पावणं, गाडी रानातनं घालू नका!" ती ओरडायची.

"कसलं रान? साडी हाय की ही."

"रानच हाय. बापाच्या रानातला वाटा भावाच्या नावावर करून दिला की बहिणीला एवढंच मिळतंय. सहा वार."

"मग पीक कसलं घेतलंय ह्यात?"

"काय येत न्हाय ह्यात. तरीबी बायका घेत्यात की."

लोक हसायचे. मग त्या पोरी हक्कसोडीचं सांगायच्या. बाप गेला की कायद्यानं मुलीचाही मुलाएवढाच वाटा असतो. मग भाऊ कागद तयार करतो, बहीण वाटा सोडल्याची सही करते, भाऊ तिला साडी नेसवतो आणि माहेरी जेवायला नेतो. आमच्याकडं ही रीतच आहे. जी सही करत नाही तिला माहेर उरत नाही, हेही सगळ्यांना माहीत असतं. पेठेत त्यांना 'साडीवाल्या पोरी' म्हणायला लागले होते.

आमचं घर चौकाला लागूनच आहे. दारात उभं राहिलं की सगळं दिसतं आणि ऐकू येतं. मी भाकरीचं पीठ लागलेले हात तसेच घेऊन चौकटीला टेकून उभी राहायचे. उंबऱ्याच्या बाहेर जायचे नाही. आमचे मालक शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहेत, आणि रविवारी ते त्याच चौकात कट्ट्यावर बसलेले असतात. वरची खोली त्यांनीच प्रणालीला भाड्यानं दिली होती. ते मला म्हणायचे, "खोली दिलीया, पुढारपण न्हाय दिलं. सांग तिला." मी सांगितलं नाही. सांगायला गेले असते तरी तिनं चहा मागितला असता आणि मी करून दिला असता.

तिचं गाव राधानगरीकडं. वडील मागल्या पावसाळ्यात गेले होते. भाताचं आणि थोडं उसाचं रान, घरात आई, थोरला भाऊ आणि वहिनी. भाऊ आज ना उद्या कागद पुढं करणार, हे तिला माहीत होतं. ते चौकालाही माहीत झालं, कारण कट्ट्यावरच्या तात्यांनी तिला सगळ्यांसमोर विचारलं. तात्या म्हणजे तालमीतले जुने पैलवान. त्यांना कुणाशीही कुस्ती लावायला आवडतं.

"पोरी, दुसऱ्याच्या बहिणींना शिकवालीस. तुझ्या भावानं कागद आणल्यावर काय करशील?"

"न्हाय म्हणून सांगणार. ह्या चौकात सांगते, मी सही करणार न्हाय."

"बघू की. आम्ही हितंच हाय."

"हितंच ऱ्हावा तात्या. कुठं जाऊ नका."

कट्ट्यावर हशा झाला. मालकही हसले. मी मात्र आत आले. तवा तापून धूर येत होता.

दुपारी ती माझ्या उंबऱ्यावर बसायची. तिला खुर्ची दिली तरी उंबरा सोडायची नाही. एकदा तिनं सरळ विचारलं, "काकी, तुम्ही सही केलासा?"

"केली."

"साडी कसली मिळाली?"

"मोरपंखी."

"नेसलासा?"

"त्याच दिवशी. मग ट्रंकेत ठेवली."

मला वाटलं आता ही मला बोलणार. तिनं फक्त विचारलं, "कागदात काय लिहिलं होतं?"

ते मला माहीत नव्हतं. चौथीपर्यंत शिकले आहे, सावकाश का होईना वाचता येतं. पण मी कागद हातात घेतला तेव्हा भाऊ म्हणाला होता, "वाचालीस? माझ्यावर भरोसा न्हाय व्हय तुझा?" मग मी लगेच सही केली. मी हे सांगितल्यावर प्रणाली उंबऱ्यावर नखानं रेघा काढत बसली. मग म्हणाली, "सही करायचं जाऊ दे काकी. वाचायची बी चोरी?" पुढं चौकातसुद्धा ती हे विचारायला लागली. "किती जणींनी कागद वाचून सही केली? हात वर करा." हात वर व्हायचे नाहीत. भाजी घ्यायला आलेल्या बायका पिशव्या घट्ट धरून घाईनं पुढं निघायच्या.

भावाचा फोन दिवाळीनंतर आला. ती जिन्यातच उभी राहून बोलत होती, म्हणून मला ऐकू आलं. "दादा, मी सही करणार न्हाय. तू रान कस, पीक घे, मी कधी मागायला येणार न्हाय. पण नाव माझं राहू दे." पलीकडून तो काय बोलला कळलं नाही. तो आरडाओरडा करणारा नव्हता, असं तीच सांगायची. वडील अंथरुणावर होते तेव्हा त्यांचं सगळं त्यानंच केलं होतं. त्यानं भांडण काढलं नाही. घरून दर महिन्याला एसटीतनं तांदळाची पिशवी यायची, ती फक्त यायची बंद झाली.

मग आईचं बोलणं बंद झालं. घरात फोन एकच, भावाचा. प्रणाली फोन करायची, वहिनी उचलायची आणि म्हणायची, "आत्या रानात गेल्यात." सासूला ती आत्या म्हणायची. कधीही फोन केला तरी आत्या रानातच. ती आधी हसून सांगायची, "आईला लई काम लागलंय काकी." नंतर सांगेनाशी झाली. चौकात तेवढीच मोठ्यानं ओरडायची, पण वर आली की खोलीत आवाज नसायचा. मी ताट झाकून जिन्यावर ठेवायचे. बऱ्याचदा ते तसंच परत यायचं.

एका शनिवारी दुपारी दारात एक बाई उभ्या राहिल्या. उन्हानं रापलेल्या, हातात कापडी पिशवी. "प्रणालीची आई मी," म्हणाल्या. प्रणाली कॉलेजात होती. मी त्यांना आत बसवलं, पाणी दिलं. पाणी पिता पिता त्यांची नजर मागच्या अंगणातल्या दोरीवर गेली. तिथं हिरवी साडी वाळत होती. दर शनिवारी ती धुवावी लागायची, तरी टायरचे काळे पट्टे पुरते निघत नव्हते. त्या उठल्या, साडीचा काठ हातात धरला आणि तिथंच उभ्या राहिल्या.

प्रणाली आली तेव्हाही त्या साडीपाशीच होत्या.

"ही रस्त्यावर पसरतीस व्हय?"

"आई, तू परत कधी नेसलीच न्हाईस ती. अंथरायला म्हणून तूच दिलतीस मला."

"तुला निजायला दिलती. गाडीखाली घालायला न्हाय. माझ्या भावानं नेसवल्याली हाय ती. माझं माहेर हाय ते."

"रान घेतलं आणि ही दिली आई. तेच तर सांगालोय आम्ही लोकांना."

"रान गेलं ते मला ठावं हाय. ऱ्हायलं काय, ते बघालीस का तू?"

मला तिथनं निघून जायचं होतं. पण आमच्या घरात निघून जायला जागा नाही. मी भिंतीकडं तोंड करून चहा ठेवला.

आई मग बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "त्यो वाईट न्हाय गं. पर मी त्याच्या घरात ऱ्हाते. तू चौकात बोल, कुठंबी बोल, तुला भाकरी मिळंल. मला त्याच्याच चुलीम्होरं बसायचं हाय. तू न्हाय म्हटल्यापासनं माझ्याशी कोण बोलंना झालंय. ताट वाढत्यात, पर बोलत न्हाईत."

"तुझा बी वाटा हाय की त्या रानात."

"माझी सही कवाच घेतलीया."

"मग माझ्याकडं ये. माझ्या वाट्यावर दोघी राहू."

"लेकीच्या दारात? आणि गावात कुठल्या तोंडानं फिरू?"

चहा कुणीच प्यायला नाही. आईनं साडीची घडी घातली, हातानं दाबून दाबून, आणि आपल्या पिशवीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी रविवार. मैत्रिणी हाका मारत आल्या तेव्हा प्रणाली नुसते दगड घेऊन खाली उतरली. चौकात गेली आणि रिकाम्या रस्त्याच्या कडेला उभी राहिली. तात्या कट्ट्यावर होतेच. "आज रान कुठं गेलं गं?" त्यांनी विचारलं.

"तात्या, मी उद्या सही करणार हाय."

एक मैत्रीण तिचा हात ओढून दबक्या आवाजात म्हणाली, "अगं, हे हितं सांगायची काय गरज होती?"

"'न्हाय' मोठ्यानं म्हटलेलं. आता 'व्हय' गुपचूप म्हणू?" ती म्हणाली. मग कट्ट्याकडं वळली. "पण तात्या, मी कागद वाचणार. रजिस्टर ऑफिसात उभी राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असा. तेवढं तरी करणार."

तात्या हसतील असं मला वाटलं होतं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

तिथं काय झालं ते तिनंच मला दोन दिवसांनी उंबऱ्यावर बसून सांगितलं. रजिस्टर ऑफिसात भावानं पेन पुढं केलं, तिनं कागद उचलला. भाऊ म्हणाला, "भरोसा न्हाय व्हय?" ती म्हणाली, "हाय. म्हणून तुझ्यासमोर वाचते." आणि तिनं पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. सदर मिळकतीवर माझा अगर माझ्या वारसांचा कसलाही हक्क राहिलेला नाही, असं होतं. शेवटी होतं की हे मी राजीखुशीनं, कुणाच्याही दबावाशिवाय लिहून देत आहे. तेवढ्यात बाकावर बसलेल्या आईनं विचारलं, "माझ्या कागदातबी असंच हुतं?"

भाऊ खिडकीकडं बघत होता. आईनं परत विचारलं, "राजीखुशीनं, असंच?"

"असंच असतंय आई," प्रणाली म्हणाली आणि तिनं सही केली.

पुढच्या महिन्यात एसटीतनं तांदूळ आला. तिनं पिशवी माझ्या स्वयंपाकघरात सोडली आणि अर्धा तांदूळ माझ्या डब्यात ओतला. "घ्या काकी. आता माझ्या रानातला न्हाय, दादाच्या रानातला हाय." आईचे फोनही परत यायला लागले. परीक्षा झाल्यावर तिला मिरजेकडं नोकरी लागली. सामान टेम्पोत चढवताना तिनं दगडांची पिशवी उचलली, थोडा वेळ धरून राहिली आणि परत जिन्यावर ठेवली. मला म्हणाली, "पोरी येतील मागायला. द्या त्यांना." निघताना ती माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला धरलं. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

पोरी आल्या. दगड मिळाले, पण साडी नव्हती. त्या आपसात कुणाच्या घरून आणायची ते बोलत होत्या. मी आत गेले, ट्रंक उघडली आणि मोरपंखी साडी आणून त्यांच्या हातात दिली. घडीवर पिवळी रेघ पडली होती.

आता रविवारी ती साडी चौकात असते. परवा तात्या त्यांच्या जुन्या स्कूटरवरून आले, साडी बघून उतरले आणि गाडी हातानं ढकलत कडेकडेनं नेली. मालकांना ती कुणाची हे अजून कळलेलं नाही. त्यांनी ती एकदाच बघितली होती. रविवारी दुपारी ते झोपले की मी ती धुते आणि अंगणात नाही, वरच्या रिकाम्या खोलीत वाळत घालते.

मी दारातच उभी असते. थांबलेला एखादा माणूस विचारतो, "हे रान कुणाचं?" पोरी म्हणतात, "एका काकींचं." माझं नाव त्या घेत नाहीत. घेऊ नका, असं मीच सांगितलं आहे.