शेख मॅडम आणि सारख्या चेहऱ्याचे शब्द

शेख मॅडमसमोर ‘म्हणजे तोच शब्द’ असं म्हणायची सोय नव्हती. त्या चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या आणि विचारायच्या, “तोच म्हणजे कोणता?” त्यानंतर समोरच्याचा चहा हमखास निवायचा.

हडपसरच्या एका आयटी पार्कात आमची भाषांतराची कंपनी होती. मी तिथे पानांची मांडणी करायचे आणि शेख मॅडम शेजारच्या टेबलावर स्पॅनिश, पोर्तुगीज आणि फ्रेंच मजकूर तपासायच्या. लॅटिन त्या आपली आपण शिकल्या होत्या, बुधवार पेठेतून आणलेल्या एका जुन्या व्याकरणावरून. का, असं विचारलं तर म्हणत, “पोरं भांडायला लागली की आईला विचारावं लागतं.”

एकदा एका नव्या मुलीने फ्रेंच ‘लिब्रेरी’चं ‘लायब्ररी’ केलं. मॅडम म्हणाल्या, “ते पुस्तकांचं दुकान आहे. तिथलं पुस्तक उचलून तशीच बाहेर पड, म्हणजे फरक कळेल.” मुलगी दुखावली. मग मॅडमनी तिला स्वतःच्या डब्यातला खिमा वाढला आणि सांगितलं, “चेहरा सारखा असला म्हणजे नातं सख्खं असतं असं नाही. आणि सख्खे असले तरी भाऊ वेगळे राहतात.” आपला ‘पगार’ पोर्तुगीजांकडून आला आणि त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘शांत करणे’ आहे, हेही मला त्यांनीच सांगितलं. “म्हणून तर एक तारखेला आपण गप्प बसतो,” त्या म्हणाल्या.

पुढे कंपनीने भाषांतराचं सॉफ्टवेअर घेतलं आणि मॅडमना त्याने केलेल्या मजकुरावर नुसती नजर टाकायचं काम उरलं. त्या मात्र नजर टाकत नसत, वाचत. सुमीत, आमचा मॅनेजर, त्यामुळे वैतागायचा.

अशात लिस्बनच्या एका कंपनीचं, लहान मुलांच्या औषधाचं माहितीपत्रक आलं. मुलाला ‘कोन्स्टिपासाव’ असेल तर औषध देऊ नये, असं त्यात होतं. सॉफ्टवेअरने तिथे बद्धकोष्ठ लिहिलं. मॅडमनी ते खोडून सर्दी केलं. सुमीत म्हणाला, “मॅडम, इंग्लिशमध्येही सेमच वर्ड आहे की. मी नेटवर चेक केलं.”

“ब्राझीलमध्ये बद्धकोष्ठच. लिस्बनमध्ये सर्दी. लॅटिनमध्ये गच्च भरणं. कुठे नाक गच्च, कुठे पोट. हे पत्रक लिस्बनचं आहे.”

“डेडलाइन आहे, मॅडम. इतकं डीपमध्ये कोण जातं?”

“सर्दी झालेल्या पोराला औषध पाजणारी आई जाणार नाही. म्हणून आपण जायचं.”

सुमीतने मान डोलावली आणि त्यांची दुरुस्ती काढून पत्रक पाठवून दिलं. नशीब, छापण्याआधी लिस्बनच्या कंपनीतल्या मराठी जाणणाऱ्या कुणीतरी ते वाचलं. तिकडून खरमरीत मेल आला. सुमीतने उत्तर धाडलं की तपासनिसाच्या नजरचुकीबद्दल दिलगीर आहोत. तपासनीस म्हणून खाली मॅडमचं नाव होतं.

मॅडमनी एवढंच मागितलं की खरं काय झालं ते लिस्बनला कळवावं. सुमीत म्हणाला, “आता ते उकरून काय मिळणार?” मी मॅडमच्या बाजूने वरिष्ठांना जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला मांडणीकडे लक्ष द्यायला सांगितलं. मॅडमनी पुन्हा विचारलं, आठवडाभर विचारत राहिल्या. प्रत्येक वेळी उत्तर आलं, “बघू.” शेवटी त्यांनी राजीनामा दिला. तो मात्र त्याच दुपारी मंजूर झाला.

मी त्यांना खाली रिक्षापर्यंत सोडायला गेले. माझाच संताप आवरत नव्हता. “घरी सांगितलंत?” मी विचारलं.

“सकाळीच. अम्मीला म्हटलं, आज राजीनामा देणार.” त्यांच्या अम्मीचं माहेर लखनौचं, मराठी अगदी कामापुरतं. “उर्दूत राजीनामा म्हणजे दोन्ही बाजूंनी राजी होऊन मिटवलेलं भांडण. अम्मीने दुवा दिली. म्हणाली, अच्छा हुआ बेटा, सुलह हो गई.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

रिक्षा येऊन थांबली होती. मॅडमनी पिशवी आत ठेवली.

“काही नाही,” त्या म्हणाल्या. “पहिल्यांदाच कुणाचा तरी शब्द चुकीचा राहू दिला.”