अर्धा राब

उन्हाळ्यात हवामानाचा अंदाज वाचला की माझं डोकं फिरतं. रायगड जिल्ह्यात हवामान उष्ण व दमट, पारा चढत जाणार, तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस. अरे, पण तुरळक म्हणजे कुठे? पेणला, रोह्याला, की निडीजवळच्या आमच्या घरामागच्या शेतावर? त्या वर्षी मला हे नेमकं कळायला हवं होतं, कारण आमचा राब भाजायचा राहिला होता.

भाताची रोपं जिथे करायची तो तुकडा उन्हाळ्यातच भाजून घ्यावा लागतो. शेण, टहाळ, पातेरा, पेंढा असे थर रचायचे, वरून माती भुरभुरायची आणि वळवाने गाठण्याआधी पेटवून द्यायचं. तण मरतं, रोप जोमाने येतं. रचलेला राब एकदा भिजला की नुसता धुमसतो, जळत नाही. हे काम जन्मभर बाबांनी केलं. आम्ही दोघी मुली. ताई पेणला दिलेली, मी रोह्याशेजारच्या अष्टमी गावात राहते आणि रोह्याच्या शाळेत शिकवते. शेतात आम्हाला बाबांनी जेवण पोचवण्यापुरतंच येऊ दिलं. थंडीत ते खळ्यात पडले, खुब्याचं हाड मोडलं आणि मागच्या पडवीतली खुर्ची त्यांच्या वाट्याला आली.

माझा चुलतभाऊ आठवड्याच्या आत येऊन बसला. "काका, आता हे करणार कोण? भराव टाकू, प्लॉट पाडू. गिऱ्हाईक हाय माझ्याकडं." मी समोर चहा घेऊन उभी, पण माझ्याकडे बघून एक शब्द नाही. बाबांनी खुर्चीतूनच शेताकडे पाहिलं. मग म्हणाले, "राब भाजला गेला तर भात. नाय तर तू म्हणतोस तसं." आवाजात जीव नव्हता. भाजायला कोणी नाही हे धरूनच ते बोलत होते. मला ते लागलं. मी मनात म्हटलं, भाजणार. कसा ते नंतर बघू.

मग सकाळची शाळा सुटली की स्कूटर काढायची आणि डोक्याला ओढणी गुंडाळून निडी गाठायची. ऊन रोज वाढत होतं. हँडलला हात लावला की चटका बसायचा. शेजारच्या काकी मदतीला यायच्या आणि माझी थट्टा करायच्या. "मास्तरीण, हातमोजे घालून शेण पसरतंस काय गो?" मी हातमोजे काढले नाहीत. पण थर रचून पुरे केले, आणि काकींनीच शेवटी माती टाकली.

बाबा म्हणाले, "सांजच्याला वारा पडला की पेटव." मी बरं म्हटलं. जेवायला बसणार तोच ताईचा फोन आला. पेणला धो धो कोसळत होतं, तिचे गच्चीवरचे पोह्याचे पापड भिजून लगदा झाले होते. "तुमच्याकडं काय?" तिने विचारलं. आमच्याकडे नुसता भट्टीसारखा उकाडा होता. पण बाहेर येऊन बघते तर घाटाच्या अंगाला काळं भरून आलेलं.

"बाबा, आत्ताच पेटवते."

"नाय. वारा हाय. पलीकडं दुसऱ्याचा पेंढा हाय."

"बांधावरचं गवत काढते, पाणी मारून ठेवते. वाऱ्याच्या उलट बाजूने लावते. पण थांबणार नाही."

"ऐकायचंच नाय तर विचारतेस कशाला?"

"विचारत नाहीये. सांगतेय."

असं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. काकींनी आणि मी बांधावर कळश्या ओतल्या, गवत उपटलं आणि पलीकडच्या टोकाला काडी लावली. आग वाऱ्याला तोंड देत हळूहळू सरकत आली. वरून ऊन, समोरून झळ. भुवया करपल्याचा वास आला तरी मी हातातला ओला टहाळ सोडला नाही. बाबा पडवीचा खांब धरून उभे राहिले होते आणि तिथूनच ओरडत होते, डावीकडं बघ, डावीकडं.

निम्मा राब जळला आणि टपोरे थेंब आले. मग एकदम सरच कोसळली. उरलेल्या थरातून धूर निघत राहिला, मी त्याच्याकडे बघत भिजत उभी राहिले आणि रागाने रडले. आणखी थोडा वेळ मिळाला असता तर काय बिघडलं असतं त्या पावसाचं? रोह्यात त्या दिवशी थेंबही पडला नाही हे नंतर कळलं, तेव्हा तर मी हवामान खात्याला मनसोक्त शिव्या घातल्या.

संध्याकाळी चुलतभाऊ हजर. त्याने मागे जाऊन राब बघितला, परत येऊन बसला. "काका, अर्धा तर गेला की वाया. मग आपलं ठरलंय तसं करू."

बाबा म्हणाले, "अर्ध्या राबाच्या रोपात अर्धं शेत लावून होतं."

"लावणार कोण पण?"

"माझ्याकडं काय बघतोस? हिला विचार. भात हिचं हाय."

चुलतभाऊ माझ्याकडे वळला. पहिल्यांदाच वळला. त्याने तोंड उघडायच्या आत मीच बोलले.

"लावणीला ये. रोपांच्या मुठी पोचवायला माणूस लागणारच आहे मला."